लातूरहून नीसला: दिवाळीच्या सुटीतला फ्रान्सचा किनारा

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, भूमध्य समुद्राला लागून कान, आंतिब, नीस, मोनॅको, मांतों ही गावं ओळीनं बसली आहेत. आपल्याकडं हा किनारा, म्हणजे फ्रेंच रिव्हिएरा, बातम्यांमधूनच येतो. कानचा चित्रपट महोत्सव, मोनॅकोची मोटारींची शर्यत, धनाढ्यांच्या पांढऱ्या बोटी. लेक तिथं शिकायला आहे म्हणून आम्ही गेलो. पण ती नसती तरी ही सहल लातूरच्या पगारदार किंवा व्यापारी कुटुंबाला जमण्यासारखी आहे, असं मी आता छातीठोकपणे सांगते. मुक्काम एकाच गावी ठेवायचा, फिरायचं लोकल गाडीनं आणि पायी. या किनाऱ्यावरचं सगळ्यात सुंदर ते सगळ्यांसाठी मोकळं आहे.

आधीची तयारी

मी शाळेत इतिहास शिकवते, यांचं आडतीचं दुकान आहे. दोघांना एकदम सवड मिळते ती दिवाळीतच. भाऊबीज झाली की निघायचं, हे उन्हाळ्यातच ठरलं. मे महिन्यात तिकडं जाऊच नये, असं लेकीनं आधीच बजावलं होतं. तेव्हा कानचा महोत्सव असतो, शर्यतही २०२५ पर्यंत मेमध्येच व्हायची आणि खोल्यांचे भाव पार चढतात. ऑक्टोबरअखेर पाऊस येऊ शकतो, समुद्राचं पाणी गार होतं, पण ऊन छान असतं.

फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्या माणसाची फी ९० युरो. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. आयकराची विवरणपत्रं, बँकेचे उतारे, माझ्या शाळेचं रजेचं पत्र, यांचा आडतीचा परवाना, खोलीचं आणि विमानाचं बुकिंग. व्यापारी माणसानं परवान्याचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवावं, ऐनवेळी धावपळ नको.

मुक्कामाला नीस निवडलं, कारण ते मधोमध आहे आणि किनाऱ्याची रेल्वे दोन्ही बाजूंना तिथूनच जाते. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, स्वयंपाकाची शेगडी असलेली छोटी खोली घेतली. सँ-त्रोपे यादीतून काढलं, तिथं रेल्वेच नाही आणि रस्त्यानं पोचण्यातच दिवस जातो. अत्तरांचं ग्रास गाव मनात फार होतं. पण तिथल्या जाईच्या फुलांचा हंगाम ऑक्टोबरात संपत आलेला असतो. फुलांशिवाय नुसती दुकानं बघायला मन घेईना.

मग शाळेच्या वेळापत्रकासारखा एक कागद केला, वारांचा. नीसमधली शागाल आणि मातीस या चित्रकारांची संग्रहालयं मंगळवारी बंद. आंतिबचं पिकासो संग्रहालय सोमवारी बंद. नीसचा फुलबाजार सोमवारी नसतो, त्या जागी जुन्या वस्तू मांडतात. सीमेपलीकडं इटलीत शुक्रवारी मोठा आठवडी बाजार भरतो. एवढं कळलं की अर्धी सहल आपोआप आखली जाते.

शनिवार

भारतातून नीसला थेट विमान नाही. आम्ही आखातातून बदलून गेलो. नीसचा विमानतळ बराचसा समुद्रात भराव घालून केलेला आहे. त्यामुळं चाकं टेकेपर्यंत खिडकीतून पाणीच दिसतं. यांनी माझा हात घट्ट धरला होता. बाहेर लेक उभी होती. विमानतळापासून ट्राम थेट शहरात जाते, टॅक्सीची गरज पडत नाही.

खोलीत पोचल्यावर बाटलीबंद पाण्याची चौकशी केली, तर लेकीनं नळाखालीच पेला धरला. "पप्पा, नळाचंच प्यायचं." चौकातल्या कारंज्यांवरही पिण्यायोग्य असेल तिथं तशी पाटी असते, लोक बाटल्या भरून घेतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्या लातूरला. पहिल्या फेरीत दहा टँकर वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत ज्यांनी घागरी मोजल्या आहेत, त्यांना परक्या गावातला वाहता नळ सगळ्यात आधी दिसतो. मलाही तोच दिसला.

रविवार

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागं जातात. आपल्याशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर त्या पहाटेपासून साडेचार तासांचं होतं. या सुमाराला जाणाऱ्यांनी गाड्यांच्या वेळा बघताना हे ध्यानात ठेवावं.

सकाळी कूर सालेयाचा बाजार. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी छतांखाली फुलं, ऑलिव्ह, भोपळे, अंजिरं. नीसचं ठरलेलं खाणं म्हणजे सोका. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल एवढंच कालवायचं, तांब्याच्या भल्यामोठ्या थाळ्यात पातळ ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत कडा करपेपर्यंत भाजायचं. वरून मिरपूड. कागदात तुकडे करून देतात. यांचा सगळा जन्म हरभरा आणि तुरीच्या भावात गेलेला. त्यांनी आधी वास घेतला, मग बोटांत चुरून पाहिलं.

"विचार की त्याला, पीठ कुठलं आणतो म्हणून."

लेकीनं फ्रेंचमध्ये विचारलं. गिरणीचं नाव सांगितलं त्यानं, हरभरा कुठला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "माल कुठला ते इचारायलाच पायजे," हे म्हणाले आणि दुसरा कागद मागितला. शाकाहारी माणसाला नीसमध्ये उपाशी राहावं लागत नाही. सोका आहे, त्याच पिठाच्या तळलेल्या पानिस आहेत, भोपळ्याच्या जातीतल्या कुर्जेट नावाच्या भाजीच्या फुलांची भजी आहेत, पालेभाजी आणि मनुका घातलेला 'तूर्त' नावाचा गोड पदार्थ आहे. कांद्याचा पिसालादिएर मात्र विचारून घ्यावा, त्यात खारवलेली मासळी असते.

दुपारी किल्ल्याच्या टेकडीवर गेलो. लिफ्ट फुकट आहे, आम्ही पायऱ्यांनी चढलो. किल्ला नावालाच. चौदाव्या लुईनं १७०६ मध्ये तो पाडून टाकला. वरून सगळा उपसागर दिसतो, आणि कडेनं जाणारा तो प्रसिद्ध रस्ता, प्रोमनाद दे झांग्ले.

या रस्त्याची गोष्ट मला ठाऊक होती. तरी त्याच्यावर उभं राहून ती पुन्हा सांगताना गळा दाटला. अठराव्या शतकापासून श्रीमंत इंग्रज नीसला यायचे ते हिवाळा काढायला, ऊन आणि हवेसाठी. उन्हाळ्यात समुद्रात डुंबायची पद्धत पुष्कळ नंतरची, १९२० च्या दशकातली. १८२० च्या सुमाराला कडाक्याच्या थंडीनं संत्र्यांच्या बागा गेल्या, मजुरांचं काम गेलं, गावात हात पसरणारे वाढले. तेव्हा तिथल्या इंग्रजांनी, त्यात लुइस वे नावाचा एक पाद्री पुढं होता, वर्गणी काढली आणि त्या बेकार माणसांकडून समुद्राच्या कडेनं चालण्याची वाट बांधून घेतली. नुसती भीक घालायची नाही, कामाचा दाम द्यायचा.

१९७२ च्या दुष्काळात माझ्या आईनं खडी फोडली आहे. औसा तालुक्यातल्या एका रस्त्यावर, मोठ्या भावाला झाडाखाली झोपवून. त्या दुष्काळी कामांतूनच पुढं महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. नीसच्या त्या गुळगुळीत, सात किलोमीटरच्या रस्त्यावर आज जगातले पैसेवाले चालतात, पळतात, निळ्या खुर्च्यांवर बसतात. त्याच्या तळाशी उपाशी माणसांची मजुरी आहे. मी हे लेकीला सांगितलं, कारण तिची आजी कुठल्या रस्त्यावर बसली होती तो रस्ता तिनं पाहिलेला आहे.

याच रस्त्यावर १४ जुलै २०१६ च्या रात्री गर्दीवर ट्रक घालून ८६ जणांचा जीव घेतला गेला. पुढं समुद्रालगतच त्यांचं स्मारक आहे, देवदूताच्या आकाराचं. तिथं सगळ्यांची नावं आहेत. आम्ही थांबलो, हात जोडले.

सोमवार

पाऊस. संग्रहालयाचा दिवस म्हणून बरंच झालं. शागालचं संग्रहालय १९७३ मध्ये उघडलं, चित्रकार हयात असताना. बायबलमधल्या प्रसंगांची सतरा मोठी चित्रं त्यासाठीच तिथं आहेत. मला ते प्रसंग नीट माहीत नाहीत. तरी तांबड्या रंगाच्या त्या दालनात बराच वेळ बसून राहावंसं वाटलं. हे बाहेर बागेत ऑलिव्हची झाडं बघत होते.

वर सिमिएच्या टेकडीवर रोमन अवशेष आहेत, मातीसचं संग्रहालय आहे आणि समोर एक अवाढव्य जुनं हॉटेल. ते १८९७ मध्ये उघडलं, राणी व्हिक्टोरियासाठीच म्हणा ना. हिवाळा सरता सरता ती तिथं मुक्कामाला यायची. आपल्याकडं १८९७ म्हणजे दुष्काळ आणि पुण्याचा प्लेग. त्याच वर्षी हिंदुस्थानची सम्राज्ञी इथं ऊन खात होती. पुढच्या वर्षी दहावीला हा धडा शिकवताना त्या इमारतीचा फोटो फळ्याशेजारी लावणार आहे.

उतरताना गॅरिबाल्डीच्या चौकात गेलो. इटलीच्या एकीकरणाचा हा नायक १८०७ मध्ये नीसमध्येच जन्मला. आणि १८६० मध्ये नीस फ्रान्सकडं गेलं तेव्हा तो संतापला होता. ज्या देशासाठी लढला त्यात त्याचं स्वतःचं गावच राहिलं नाही.

मंगळवार

ऊन परत आलं. विलफ्रांशला गाडीनं काही मिनिटांत पोचलो. स्टेशनातून उतरलं की खालीच वाळूचा किनारा. नीसला वाळू नाही, गोटे आहेत, अनवाणी चालवत नाही. तिथून कडेकडेनं सँ-झाँ-काप-फेराच्या भूशिरावर.

गुलाबी रंगाचं एफ्रुसी दे रोथशील्ड हे घर तिकीट काढून बघण्यासारखं आहे. बेआत्रीस नावाच्या बाईनं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतलं आणि मृत्यूनंतर कलासंस्थेला देऊन टाकलं. नऊ बागा आहेत. पण घरापेक्षा मला सांगायचं आहे ते भूशिराभोवतीच्या पायवाटेबद्दल.

हे भूशिर म्हणजे जगातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एक. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड यानं इथं जमिनी घेतल्या, ज्या काळात काँगोतल्या रबरासाठी तिथली माणसं मारली जात होती. आजही उंच भिंती, बंद फाटकं, कॅमेरे. आणि त्या भिंतींच्या खालून, थेट खडकांवरून, एक वाट जाते. तिच्यावरून कुणीही चालावं. फ्रान्समध्ये १९७६ च्या कायद्यानं समुद्रालगतच्या खासगी जमिनींवर तीन मीटर रुंदीची वाट लोकांसाठी राखलेली आहे. मालक कितीही मोठा असो, त्यानं वाट अडवायची नाही.

आमच्याकडं शेताच्या बांधावरून, पाणंद रस्त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात. यांच्या स्वतःच्या शेताची वाट किती वर्षं अडलेली होती. त्यामुळं ते त्या खडकाळ वाटेवर दर वळणावर थांबून वरच्या बंगल्याकडं आणि खालच्या पाण्याकडं बघत होते. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजावेत. एक म्हातारं जोडपं कुत्रं घेऊन समोरून आलं, एक मुलगा गळ घेऊन बसला होता. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथंच एका खडकावर बसून खाल्ली. रिव्हिएरावर एकच दिवस मिळाला तर मी तो याच वाटेला देईन. सपाट तळव्याचे बूट घालावेत, पाणी जवळ ठेवावं, समुद्र खवळलेला असेल तर जाऊ नये.

बुधवार

मोनॅको. गाडीनं पाऊण तासाच्या आत. स्टेशन डोंगराच्या पोटात आहे. देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा, जगात व्हॅटिकननंतरचा सर्वांत लहान. उभ्या कड्यावर वसल्यामुळं जागोजागी सार्वजनिक लिफ्ट आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना मोठा आधार.

राजवाड्यासमोर पहारा बदलतो तो पाच मिनिटं कमी बारा वाजता, आधी जाऊन जागा धरावी. समुद्रविज्ञान संग्रहालय १९१० मधलं, कड्याच्या टोकावर उभं आहे. वेळ असेल तर ते चुकवू नये. कॅसिनो आम्ही बाहेरूनच पाहिला. त्याच्यासमोर महागड्या गाड्यांचे फोटो काढायला गर्दी असते.

त्या कॅसिनोमागचं कारण आमच्या यांना फार पटलं. मोनॅकोच्या राज्यात पूर्वी मांतों आणि रोकब्र्यून ही गावं होती, लिंबू आणि ऑलिव्ह तेलाची. राजानं त्या मालावर जबर कर लावले. १८४८ मध्ये दोन्ही गावं फुटली आणि १८६१ मध्ये रीतसर फ्रान्सला देऊन टाकावी लागली. राज्याची बहुतेक सगळी जमीन गेली, उत्पन्न गेलं. मग कॅसिनो काढला, १८६८ मध्ये रेल्वे आली, पुढच्याच वर्षी प्रजेचा थेट कर माफ झाला. आणि मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना मात्र तिथं जुगार खेळायला बंदी.

"मालावर जादा कर बसवला की बाजार दुसरीकडं जातो," हे म्हणाले. "राजाला कळायला राज्य जावं लागलं."

गुरुवार

पश्चिमेकडची गाडी. सकाळी आंतिब, लेकीची विद्यानगरी इथून जवळ. समुद्राच्या तटावर ग्रिमाल्दी घराण्याचा जुना वाडा आहे. १९४६ मध्ये पिकासोनं तिथं काही महिने काम केलं आणि बरीचशी चित्रं तिथंच ठेवली. महायुद्ध नुकतंच संपलेलं. चित्रांत मासे, बकऱ्या, नाचणारी माणसं. खिडकीतून तोच समुद्र.

दुपारी कान. महोत्सवाची इमारत साधीच आहे, पायऱ्यांवर फोटो काढायला रांग. पहिला महोत्सव १९४६ चा. त्यात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या चित्रपटांत चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता. त्यात गावाच्या वाट्याला घाण पाणी सोडणारा जमीनदार आहे आणि त्याच्याविरुद्ध उठणारी वस्ती. पाण्याची लढाई या झगमगाटाच्या गावात पहिल्याच वर्षी पोचली होती, ती आपल्या देशातून. हे मी पायऱ्यांजवळ उभं राहून दोघांना सांगितलं, अभिमानानं.

गाव म्हणून कान मला फारसं भावलं नाही, दुकानंच जास्त. त्यापेक्षा समोरचं सँत-मार्गरीत बेट बघावं, बोटीनं पंधरा मिनिटं. पाइन आणि निलगिरीची दाट सावली, आणि ज्या किल्ल्यात लोखंडी मुखवट्याचा म्हणून प्रसिद्ध असलेला कैदी ठेवला होता, त्याची कोठडी. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावरच विचारून ठेवावी.

शुक्रवार

सकाळी पहिलं इटलीतलं व्हेंतिमिल्या. नदीकाठी आणि समुद्राकडच्या रस्त्यांवर कपडे, चामड्याच्या वस्तू, चीज, मसाले. भाव करता येतो आणि आम्ही केला. पासपोर्ट जवळ हवाच. परतताना फ्रान्समधल्या पहिल्याच स्टेशनावर पोलीस गाडीत चढून कागद तपासतात. आमच्या डब्यातून दोन काळ्या तरुण पोरांना उतरवलं. आमच्याकडं व्हिसा होता म्हणून आम्ही बसून राहिलो. याच किनाऱ्यावर मोकळी वाटही आहे आणि ही तपासणीही, हे लिहायला हवं.

मग मांतों. ज्या लिंबांपायी राजाचं राज्य गेलं ती ही. डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या केल्या आहेत, त्यावर झाडं. इथल्या लिंबाला २०१५ पासून भौगोलिक मानांकन आहे, आपल्याकडं जालन्याच्या मोसंबीला आहे तसंच. फळ मोठं, साल जाड आणि सुवासिक. यांनी एक घेऊन नखानं साल खरवडली, बागवानाशी खुणांनीच बांधबंदिस्तीवर बोलले, आणि दुष्काळी भागात दगडी ताल का टिकतात ते मला वर चढताना समजावून सांगितलं. पिवळ्या-केशरी घरांमधून पायऱ्या चढत चर्चपर्यंत गेलो, तिथून इटलीचे डोंगर दिसतात.

शनिवार

सकाळीच विमान. लेक ट्रामपर्यंत आली.

आता नणंदेला फेब्रुवारीत जायचं आहे, मांतोंचा लिंबांचा उत्सव बघायला. नीसचा कार्निव्हलही त्याच दिवसांत असतो, म्हणून खोली आधी धरायची, मग विमान, मग व्हिसाची वेळ. मी तिला माझा वारांचा कागद दिला आहे. गुरुवारच्या खाली तिनं कान खोडून ग्रास लिहिलंय. मी म्हटलं, वन्सं, फेब्रुवारीत जाई नसते, मिमोसा असतो. ती म्हणाली, मग मिमोसा बघू.